तांबं, जर्मन आणि बसवंतप्पांची शंका

हुमनाबादच्या बाजारात बसवंतप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानात आजवर एकही भांडं मार खाल्ल्याशिवाय आत गेलेलं नाही. मालाचा टेम्पो आला की बसवंतप्पा चप्पल घालून खाली उतरतात, मधलं बोट वाकवून प्रत्येक हंड्याला टिचकी मारतात आणि कान लावून हंड्याचं म्हणणं ऐकून घेतात. हंड्याने खरं सांगितलं तरी लगेच विश्वास ठेवत नाहीत. बुडाला चिंच चोळून बघतात. मगच हंडा पायरी चढतो.

हे बाजारापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण हायवेवरच्या ढाब्यावर गेले तरी ते आधी आत जाऊन आचाऱ्याचं तोंड बघून येतात आणि मग काय खायचं ते ठरवतात. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात, आणि दोघांचं मत जुळलं तर दोघं सामील आहेत असं समजतात. त्यांच्या पत्नी सावित्रम्मा सांगतात, "मला बघायला आलते तवा पाणी दिलेला तांब्या वाजवून बघिटलेत. मला बघिटलेच न्हाईत. तांब्या पसंत पडला, मंग मी आले."

अशा माणसाच्या घरात, वरच्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिल महिन्यात एक कॉम्प्युटर बंद पडू लागला.

कॉम्प्युटर त्यांच्या मुलीचा, दानेश्वरीचा. ती हैदराबादच्या एका कंपनीत कामाला होती. इमारत बांधण्याआधीच ती बांधल्यावर कशी दिसेल याची हुबेहूब चित्रफीत करून द्यायची, असं तिचं काम. संक्रांतीला घरी आली ती परवानगी काढून घरूनच काम करायला लागली होती. बसवंतप्पा वरवर म्हणत, "घरी बसून पगार देतेत मंजे कंपनीत काहीतरी काळंबेरं हाय." पण दुपारी जेवायला तिघं बसायची, तेव्हा त्यांची एक भाकरी जास्त जायची, आणि ती सावित्रम्मा मोजत नसल्या तरी त्यांना दिसत होती.

उन्हाळा तापला तशी पत्र्याची खोली भट्टी झाली. दुपारचं मोठं काम लावलं की कॉम्प्युटर तापायचा, पंखे बोंबलायचे आणि पडदा काळा व्हायचा. दोनदा काम वेळेवर गेलं नाही. मग साहेबांचा फोन आला: सोमवारी दिवसभराचं मोठं काम देतो, मशीन मधेच बंद पडली तर सरळ ऑफिसला हजर व्हायचं.

"मंग आता?" बसवंतप्पांनी विचारलं.

"आता पाण्यावर थंड करायचा, अप्पा. प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा, त्यातनं पाणी फिरवायचं. पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडं जातंय, तिथं पंखा त्याला गार करतोय, पंप पुन्हा फिरवतोय. गाडीच्या इंजनासारखंच."

"करंटच्या पेटीत पाणी?"

"नळीतनं जातंय की."

बसवंतप्पांनी डोळे बारीक केले. डोळे बारीक झाले म्हणजे शंका पोटात शिजत असते. ही पोरगी हुशार. पाणी भरणार, पाणी गळणार, मशीन जळणार आणि ही म्हणणार, बघा अप्पा, मी तर थांबायलाच बघत होते! हैदराबादला मैत्रिणी आहेत, सिनेमा आहे. इथं काय आहे? त्यांच्यासारखा बाप आहे.

रात्रभर तळमळण्याऐवजी त्यांनी सरळ जाहीर केलं, "सामान मी निवडणार."

दानेश्वरीने डोक्याला हात लावला. तिने तयार मिळणारा, कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला कूलर मोबाइलवर दाखवला. बसवायला सोपा, कटकट नाही.

"आतलं पाणी दिसतंय का ह्यात?"

"न्हाई, बंद हाय म्हणून तर—"

"बंद कामून केलेत? काहीतरी लपवायलेत म्हणून. मला नळी पायजे आरपार दिसणारी. पाणी जाताना दिसलं पायजे, येताना दिसलं पायजे."

अशा रीतीने, जे काम अर्ध्या तासात झालं असतं, ते केवळ पाण्यावर नजर ठेवण्यासाठी सुट्या भागांवर आलं आणि बाप-लेक हैदराबादच्या बसमध्ये बसले.

दुकानदार तरुण होता, गोड बोलत होता. बसवंतप्पांना गोड बोलणारा माणूस दिसला की ते खिशावर हात ठेवतात. त्याने आधी चकचकीत पांढरा ठोकळा काढला.

"चाचा, तांबा है, ऊपर निकल चढाया."

"कल्हई!" बसवंतप्पा मुलीकडे वळले. "कल्हई कामून करतेत? आतलं झाकायला. उघडं तांबं दाखवा मनाव."

उघड्या तांब्याचा ठोकळा आला. बसवंतप्पांनी टिचकी मारली, कान लावला, वजन तोललं आणि त्याला घरच्या मुलासारखं मांडीवर ठेवून घेतलं.

रेडिएटरपाशी दानेश्वरीनेच बजावलं होतं, "अप्पा, ह्योबी तांब्या-पितळेचा पायजे. ॲल्युमिनियमचा घेतला तर दोन धातू एका पाण्यात येतेत, आन् एक दुसऱ्याला खातंय."

"मला सांगायलीस? जर्मनचं तर मी पातेलंबी उंबऱ्यावर ठेवत न्हाई." आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि बसवंतप्पांचा त्या देशाशी एवढाच संबंध. पण रेडिएटर होता काळ्या रंगाचा. रंग म्हणजे पुन्हा झाकणं. दुकानदार पाणी आणायला वळला तेवढ्यात बसवंतप्पांनी खिशातल्या किल्लीने एका कोपऱ्यावरचा रंग खरवडला. खालून पिवळं पितळ चमकलं. दुकानदार धावत आला.

"चाचा! ये क्या करे तुम? अब कौन लेगा इसकू?"

"मीच घेणार की. आता खात्री पटली."

पंप त्यांनी चालू करून मागितला. पंप एवढा शांत होता की त्यांनी तो बंदच आहे असं ठरवलं, आणि ग्लासातलं पाणी उडून शर्ट भिजल्यावरच त्याला मान्यता दिली. मोरपंखी रंगाचं तयार द्रावण बघून म्हणाले, "हे शरबत लग्नात ठेवा." साधं डिस्टिल्ड वॉटर हुमनाबादमध्ये बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते घेऊ असं ठरलं. ते घेतल्यावर घरी त्यांनी वाटीभर उकळून आटवून बघितलं. आमच्या बोअरचं पाणी आटवलं तर वाटीला चुन्याचं अस्तर बसतं. इथे वाटी स्वच्छ राहिली. बसवंतप्पांनी वाटी बदलून पुन्हा आटवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नळ्या जोडायच्या तोट्यांमध्ये काळ्या रबराच्या लहान लहान रिंगा होत्या, आणि रबर हा बसवंतप्पांचा जुना वैरी. कुकरच्या नकली रबराने त्यांना आयुष्यभर छळलं आहे. अस्सल रबर ओळखायची त्यांची पद्धत एकच: काडी लावायची आणि वास घ्यायचा. शनिवारी सकाळी दानेश्वरी अंघोळीला गेली असताना त्यांनी एका तोटीतली रिंग काढली, काडी लावली, वास घेतला. वास पसंत पडला. रिंग मात्र संपली. तोटीत अजूनही काहीतरी काळं दिसत होतं, म्हणजे कुकरसारखी एक जास्तीची दिली असेल असं समजून त्यांनी तोटी परत डब्यात ठेवली आणि खूश होऊन दुकानात गेले.

दुपारी दानेश्वरीने सगळं जोडलं. कॉम्प्युटरमध्ये नव्हे, दुकानामागच्या खोलीतल्या टेबलावर, वर्तमानपत्र अंथरून. एवढा सावधपणा तिच्यातही होता, रक्त त्यांचंच. पंपाला तेवढी वीज दिली, नळीतून पाणी धावलं. बसवंतप्पांनी देवघरातून विभूती आणली आणि प्रत्येक जोडावर चिमूट चिमूट भुरभुरली. हंड्याचा झाळलेला सांधा गळतो का ते आमच्याकडे असंच बघतात. कोरडी विभूती पांढरी राहते, एक थेंब लागला तरी काळवंडते. पूजेतली विभूती या कामाला वापरल्याबद्दल सावित्रम्मांनी आधी कुरकुर केली आणि मग स्वतःच वाकून बघत उभ्या राहिल्या.

ठोकळ्याच्या उजव्या जोडावर विभूती काळी झाली.

 पाण्याचा थेंब फुगला, वर्तमानपत्रातल्या एका पुढाऱ्याच्या टोपीवर पडला. उद्या रविवार, हैदराबादचं दुकान बंद. परवा सोमवार.

बसवंतप्पांनी जोडाकडे बघितलंच नाही. ते मुलीच्या तोंडाकडे बघत होते. तिथे दुःख होतं की सुटका?

"तूच ढिलं सोडलीस," ते म्हणाले.

"काय?"

"जायचंय तुला. सरळ सांग की! पाणी-बिणी कामून मधे घालायलीस?"

दानेश्वरीने पंप बंद केला. हात पुसले. गळणारी तोटी खोलून उजेडात धरली, आत नख फिरवलं. "ह्यात रिंग न्हाई. काळा रंग हाय नुसता." मग तिने बापाकडे बघितलं, आणि बसवंतप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की हंड्याला कसं वाटत असेल.

"अप्पा, तुम्ही उघडलाव का हे?"

"बघायला काढलतो. काडी लावून."

"जाळलाव?"

"वास चांगला आला," बसवंतप्पा म्हणाले.

सावित्रम्मांनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, सांगता येत नव्हतं. दानेश्वरीचे डोळे मात्र भरले. "मी जावं म्हणून तर करायलाव न्हाई ना हे? मी संक्रांतीपासनं साहेबांच्या हातापाया पडायलेय, घरनं करू द्या म्हणून. आन् तुम्हाला वाटतंय मीच ढिलं सोडले."

बसवंतप्पांनी टेबलावरचा ठोकळा उगाच वाजवून बघितला.

"अशी रिंग आपल्या दुकानात नसंल का?" सावित्रम्मा म्हणाल्या. "स्टोव्हच्या, नळाच्या, ढीग पडलाय की."

तिघं पुढे दुकानात आले. तिथे चंद्रभागाबाई बाकावर बसल्या होत्या, कुकरची शिट्टी घ्यायला. जुनं गिऱ्हाईक, जिभेला धार. बसवंतप्पांनी काउंटरखालून रिंगांचा डबा काढला. दानेश्वरीने तोटीत लावून बघितल्या, चौथी नेमकी बसली. ती थांबली.

"अप्पा, ही वरिजनल हाय का? गरम पाणी रोज फिरणार ह्यातनं. हिच्याखाली माझं सगळं काम हाय."

हा प्रश्न बसवंतप्पांना गेली तीस वर्षं दिवसातून दहा वेळा विचारला गेला आहे आणि त्यांचं उत्तर तोंडात तयारच असतं: कंपनीचा माल हाय, डोळे झाकून न्या. ते उत्तर जिभेच्या टोकापर्यंत आलं. समोर चंद्रभागाबाई. याच डब्यातली मोठी रिंग त्यांनी गेल्या महिन्यात डोळे झाकून नेली होती. बाजूला मुलगी, हातात रिंग.

"न्हाई," बसवंतप्पा म्हणाले.

"काय न्हाई?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"वरिजनल न्हाई. महिनाभरात कडक पडतीय."

"अगं बाई! मंग मला कामून दिलाव? माझ्या कुकरातनं वरण भिंतीवर जायलंय, आन् मी सुनेला बोलायलेय!"

"तुम्हाला बदलून देतो, अक्का."

"मला बदलून देताव, सुनेला काय सांगू?"

बसवंतप्पांनी डब्याचं झाकण लावलं. ते स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या घरचा पाण्याचा फिल्टर त्यांनी खुद्द कंपनीच्या गोदामातून, पेटी फोडून, स्वतः निवडून आणला होता. त्याचा नळ त्यांनी उघडला, आतली रिंग काढली आणि मुलीच्या तळहातावर ठेवली.

"ही घे. हिला मी काडी लावली न्हाई, पण हिच्याबरोबर आलेल्या दुसरीला लावली होती."

रिंग बसली. विभूती रविवारभर पांढरी राहिली. त्या दिवशी घरात सगळ्यांनी माठातलं पाणी प्यायलं, कारण फिल्टर गळत होता.

रविवारी रात्री दानेश्वरीने हे सगळं कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि सोमवारी सकाळपासून कॉम्प्युटर चालू होता. बसवंतप्पांनी दुकान अर्धं उघडून स्टूल वरच्या खोलीत टाकलं. पाणी जाताना बघितलं, येताना बघितलं. जेवढं गेलं तेवढंच आलं. बाहेर पत्रा तडतडत होता. खालून चंद्रभागाबाईंचा आवाज आला. त्या सुनेला घेऊन आल्या होत्या आणि सावित्रम्मांना म्हणत होत्या, "तुमच्या मालकाच्या तोंडनं हिच्यासमोर वदवून घ्यायचंय मला." बसवंतप्पा खाली गेले, वदले आणि परत येऊन स्टुलावर बसले.

दिवेलागणीला काम संपलं. पडदा एकदाही काळा झाला नाही. दानेश्वरीने साहेबांना फोन लावला, थोडं बोलली, ठेवला.

"काय म्हणले?"

"उन्हाळाभर तिथनंच कर म्हणले."

"आन् उन्हाळा झाल्यावर?"

"बघू म्हणले."

बसवंतप्पांनी नळीतल्या पाण्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "हे बघू त्यांनी म्हणले का तू म्हणलीस?"

"अप्पा!"

"न्हाई, नुसतं इचारायलोय," बसवंतप्पा म्हणाले आणि जेवायला उठले. पण जिना उतरण्याआधी ते मागे आले, वाकले आणि उजव्या जोडावर बोट फिरवून, बोट उजेडात धरून बघितलं.