व्हर्नाबाईंच्या दोन रेघा

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या प्रयोगशाळेत रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पिशवीत भरून येतात. नांगी काढलेला विषाणू आम्ही त्यांच्यात सोडतो. तो त्यांना कर्करोग ओळखायला शिकवतो, मग त्या परत त्याच रोग्याच्या अंगात जातात. व्हर्ना ब्रुबेकर हे काम नऊ वर्षं करत होत्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी गाईंच्या धारा काढल्या. पिशवी त्या अजूनही आजारी वासरू उचलावं तशी उचलायच्या.

प्रत्येक कामाची नोंद कागदावर करायची, शेजारच्या साक्षीदाराने सही ठोकायची. साक्षीदार मी. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, असा नियम.

त्या मंगळवारी बाईंनी दोन मारल्या.

काचेपलीकडून गुणवत्ता खात्याचे हन्सिंगर साहेब माइकवर बोलले, "बाई, थांबा. कागद सदोष झालाय."

"साहेब, विषाणूची कुपी वितळलीय. अर्ध्या तासात वापरली नाही तर वाया जाईल."

"दोन वाजता समिती बसवतो."

"मग दोन वाजता या रोग्याला मूठमाती द्यायलाच या."

"भावनेच्या भरात गुणवत्ता राखता येत नाही, बाई."

साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रोगी आधी'. पिशवीवर रोग्याचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. सोबतच्या चिठ्ठीत मात्र डॉक्टरांनी लिहिलं होतं, की हा माणूस दुसऱ्यांदा रक्त देऊ शकणार नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "लॉइड, साक्षीदार आहेस ना? मग नीट बघ."

त्यांनी सिरिंज भरली आणि विषाणू सावकाश पिशवीत सोडला. मी सही केली.

दहा दिवसांत पेशी तरारून वाढल्या. समितीने एक्केचाळीस पानी अहवाल दिला: पेशी उत्तम, कागद निकृष्ट. पिशवी रवाना झाली, आणि महिन्याभराने आम्हा दोघांना रेघ मारण्याच्या तीन दिवसांच्या वर्गात बसवलं. शिकवायला साहेब.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयाचा निरोप आला. पेशी रोग्याला दिल्या होत्या, त्यानंतर चढलेला ताप उतरला होता, त्याने सूप मागितलं होतं. साहेबांनी निरोप मोठ्याने वाचला आणि ते म्हणाले, "नियम पाळले की असं होतं."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचा चेहरा निवळला होता. मला मात्र हसू आवरलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी वर्गात मी एकटाच होतो.