टिटवीभोवतीचं फक्कीचं रिंगण

मधली सुट्टी असो नाहीतर रविवार, डोंबिवलीच्या सरोजबाईंना शिकवल्यावाचून करमत नसे. शिक्षकांसाठी निसर्गशिक्षणाचं शिबिर निघालं तशी बाईंनी पहिलं नाव घातलं, आणि त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दर रविवारी त्या सोसायटीतल्या माणसांना खाडीकाठी फिरवू लागल्या.

तिथंच उघड्या खडीत टिटवीची अंडी सापडली. खड्यांसारखीच, कुणाचा पाय पडला तर कळणारही नाही. बाईंनी शाळेतून क्रीडास्पर्धेची पांढरी फक्की आणली आणि अंड्यांभोवती गोल रिंगण मारलं. "याच्या आत कुणी यायचं नाही हं!" माणसं शहाण्यासारखी बाहेर उभी राहिली.

शिबिर चालवणाऱ्या हरिहर सरांना ते भलतंच आवडलं. "सरोजबाई, खोपटला शिबिराची बैठक आहे, तिथं सगळ्या शिक्षकांना हे समजावून सांगा. कल्याण, शहाड, आंबिवली, सगळीकडे असंच करू."

बाई हरखल्या. बैठकीच्या सकाळी मुद्दाम खाडीवर गेल्या. निवट्या मासे पकडायला आलेली आवडाबाई कोळीण चिखलातूनच ओरडली, "बाय, तुजे रांगोलीवर कालपासना कावले बसलेत गो! पंगत मांडलीस का काय?"

रिंगणात टरफलं होती. एक कावळा पांढऱ्या रेघेवरून चालत होता. टिटवी नुसतीच वर घिरट्या घालत होती, आणि बाईंना मान वर करवेना.

खोपटच्या हॉलमध्ये दारापाशी फक्कीच्या पिशव्या मांडून ठेवलेल्या. प्रत्येक शिक्षकाला एक. हरिहर सरांनी कौतुक केलं, टाळ्या झाल्या. बाई उभ्या राहिल्या. नुसतं 'अंडी फुटली' म्हटलं असतं, तर पिल्लं निघाली असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि शब्द खोटाही नव्हता.

"पिल्लं दिसली का हो?" कल्याणहून आलेल्या शिक्षिका शालूनं हौसेनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "कावळ्यांनी अंडीच खाल्ली. खड्यात खडा होऊन लपलेली अंडी, मी चुना लावून दाखवली त्यांना. त्या पिशव्या नेऊ नका."

हरिहर सर सावरून घेत म्हणाले, "अहो, एखादं घरटं जायचंच. तुमचा हेतू चांगला होता."

हे मात्र बाईंना कावळ्याहून जास्त लागलं. "सर, हेतू माझा होता. अंडी तिची होती."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग बाई, रविवारी लोकांना दाखवायचं काय? रिकामी खडी?"

दोघंतिघं हसली. बाई हसल्या नाहीत.

"टिटवी ओरडायला लागली म्हणजे अंडी जवळ आहेत, की सगळ्यांना घेऊन मागं फिरायचं. लोक कुरकुरतील, बाईंनी काहीच दाखवलं नाही म्हणतील. म्हणू द्यायचं."

त्या खाली बसल्या. शालूनं पाण्याचा पेला पुढं केला. बाईंनी तो घेतला, आणि हातातच धरून बसल्या.