श्री नावाचं गाव

चहा निवू देऊ नका, पण ऐका. आयुष्यभर जंगलात चौकीदारी केली आणि म्हातारपणी काय केलं? नसलेलं गाव वसवलं. तेही वाघांचं!

मूल तालुक्यातल्या आमच्या जांभूळटोल्यात वाघाचे ठसे दिसले की जंगलखात्याच्या ऑफिसला ईमेल करायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेला. ऑफिसातल्या मीनलबाईंनी समजावलं, "भाऊ, विषयाच्या ओळीत पहिला शब्द गावाचं नाव लिवा. मशीन तेवढाच शब्द उचलते अन् त्या गावच्या साऱ्या फोनवर भोंगा वाजवते. मले उघडून पाहावंबी लागत नाई."

मोहफुलांचे दिवस होते. माझी कौसा पहाटेच टोपली घेऊन जंगलात जायची. म्हणून मी तिच्याआधी पाणवठा पाहून यायचो. ठसे दिसले. एका बोटानं लिहिलं, 'श्री जांभूळटोला वाघ'.

आता सांगा, वर श्री घातल्याशिवाय लिहायचं तरी कसं? आमच्या बापानं कान पिळून शिकवलेलं!

भोंगा वाजला नाही.

"आज जाऊ नको," मी म्हणालो.

"भोंगा वाजला काय?"

"नाई."

"मंग?" टोपली उचलून निघाली. एवढ्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्यापेक्षा भोंगा खरा! चार दिवस मी रोज ईमेल पाठवलं आणि डबा बडवत तिच्यामागे फिरलो. सारा गाव हसला.

चौथ्या दिवशी दारात जीप. मीनलबाई घामाघूम. "भाऊ, तुमाले सारे गावं माहीत. हे श्री गाव कुठी आहे? मशीन सांगते, तिथी रोज वाघ येते!"

माहीत नाही म्हणायला काय झालं होतं? पण चौकीदाराला गाव माहीत नाही? तोंडातून निघून गेलं, "असंन नदीपल्याड."

जीप संध्याकाळी चिखलानं माखून परतली. ओसरीवर बसून बाईंनी पहिल्यांदाच ते ईमेल उघडले.

"भाऊ! हे तं तुमीच लिवलं!"

मी मान खाली घालून बापाची शिकवण सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे. काळजावर दगड ठेवून श्री गाळलं आणि पाठवलं. तरी भोंगा गप्प! बाईंचाच फोन आला.

"भाऊ, आज श्री काऊन नाई टाकलं?"

"तुमच्यासाठी गाळलं ना, बाई!"

"अवो, तुमचं मन मोडू नये म्हून मी मशीनले दुसरा शब्द उचलायले सांगतलं! आता वाघ नावाचं गाव झालं!"

कौसा तर केव्हाच जंगलात गेली होती. चप्पल विसरलो, डबा नाही विसरलो. बडवत धावलो. ती मोहाखाली वाकून शांतपणे फुलं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "भोंगा तं वाजला नाई. मंग तुमी काऊन वाजून राह्यले?"

धाप लागलेली. म्हणालो, "आता मीच भोंगा आहो, कौसा."

"बरं. मंग एका हातानं वाजवा, दुसऱ्यानं टोपली धरा."