दांडीवरचा हात

"हात रिकामा न्हाय, तोंड रिकामं हाय," असं तो म्हणायचा आणि खरोखरच आ करायचा. भाईंदरला आमच्या घरी लग्न होतं. त्याचा लाउडस्पीकरचा कर्णा आंब्याला बांधलेला, तो खाली इंजिनापाशी बसलेला आणि आमची आत्या लाडवांचं ताट घेऊन पुढ्यात उभी. शेवटी तिनंच त्याला लाडू भरवला. नवरदेवाच्या आधी कर्णेवाला जेवला, म्हणून आम्ही तिला पुढे कितीतरी दिवस चिडवत होतो.

त्याचा हात रिकामा नसे हे मात्र खरं. ज्यांनी वीज भिंतीवरच्या बटणातूनच येताना पाहिली, त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. तो तेलाच्या इंजिनावर डायनामो फिरवायचा. इंजिन दमलं की विजेचा दाब पडायचा आणि कर्णा घोगरा व्हायचा. ते उधळलं की दाब चढून आवाज मोठा करणाऱ्या पेटीतले काचेचे व्हॉल्व्ह जळायचे. म्हणून मध्ये चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली तार असे आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी दांडी. दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून डाव्या हातानं दांडी हलवत राहायचं. तार तापायची, दांडीही तापायची. त्याच्या तळहातावर एक काळी खाच कायमची पडली होती.

तो उत्तनचा. तिथे मासे खारवायला आमच्या मिठागरातलं मीठ जायचं, त्यामुळे माझी फेरी असे. पडवीत बसलं की तो दाब सांभाळायचे प्रकार सांगायचा, तेही सोयरीक जुळवायला बसल्यासारखा. तारेच्या जागी नुसता दिवा लावला तरी थोडं भागतं. "पन दिवा आळशी. इंजिन पडून उठतं, तवा त्याला कलतं." दांडी इमानी, पण माणसाला बसवून ठेवणारी.

लढाई संपली आणि मुंबईच्या जुन्या बाजारात लष्कराचा माल आला. तिथून त्यानं काचेची एक नळी आणली. पेटली की आत जांभळा उजेड व्हायचा आणि दाब आपोआप एका जागी राहायचा.

"हिला मानूस लागत न्हाय," तो म्हणाला.

"मंग हिच्याशीच लगीन कर," त्याची बायको म्हणाली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

दाब फारच पडला तर ती नळी विझते, हे त्याला माहीत होतं. "एवढा पडत न्हाय," असं तो म्हणाला होता.

उत्तनच्या किनाऱ्याजवळ खडक आहेत. हिवाळ्यात सकाळी धुकं पडलं की बायका डबे बडवून एकेका होडीच्या तांडेलाला नावानं हाक मारायच्या आणि होड्या त्या आवाजाच्या रोखानं यायच्या. कर्णा आल्यापासून हाका त्याची बायको मारायची. तो शेजारी दांडी धरून बसायचा.

त्या सकाळी मी मिठाच्या गाड्या घेऊन तिथेच होतो. त्याचा धाकटा भाऊ पास्कू दर्यावर होता. धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. नळी जांभळी पेटलेली बघून हा उठला आणि दोर घेऊन पाण्याशी गेला, होड्या ओढून घ्यायला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात मोकळे झाले होते. दोन होड्या किनाऱ्याला लागल्या. मग तेलात पाणी आलं असावं, इंजिन आचके देऊ लागलं. नळी विझली. कर्णा घरघरला आणि बंद पडला.

"पास्कू! पास्कू, हिकडं!" बायको तशीच ओरडत राहिली. कर्ण्याशिवाय तो आवाज वाळूच्या पलीकडे जात नव्हता. हा धावत आला, नळी उपटून फेकली, तार जोडून दांडी धरली. कर्णा पुन्हा बोलला. धुक्यातून उत्तर आलं नाही. दुपारी धुकं निवळल्यावर खडकाशी पास्कूच्या होडीच्या फळ्या दिसल्या.

बायकोनं पुन्हा कधी माइक हातात घेतला नाही. तो लग्नाकार्याला येई, पण दांडी सोडत नसे; इंजिन सुरळीत असलं, काटा स्थिर असला, तरी नाही. लाडू पुढे केला तर नको म्हणून मान हलवायचा. धुकं पडलं की हाका आता तोच मारायचा आणि पहिली हाक पास्कूला. सगळा गाव ऐकायचा, पण त्याला कोणी अडवलं नाही. मला मात्र ते ऐकवत नसे. मी गाड्या वाटेतच थांबवायचो.

पुढे त्याची छाती धरली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. मी पोचलो तेव्हा त्याला शवपेटीत ठेवलं होतं. बायको त्याच्या हातात जपमाळ देत होती. उजव्या हातात माळ नीट बसली. डाव्या हाताची बोटं दांडी धरल्यासारखी वाकलेली होती, ती काही केल्या सरळ होईनात. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, काळ्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"सोड आता," ती म्हणाली. "सगल्या होड्या आल्या."