बॉयलरवाल्या गोकुळचं ‘का’

राखोलीच्या एका कापड कारखान्यात गोकुळ चौदा वर्षं बॉयलरवर होता, पण कागदोपत्री हेल्परच. बॉयलर आपल्या हातात घ्यायचा तर परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्याच्या पाळीत ते एकट्या विश्वनाथकाकांकडे होतं. भट्टीत इंधन कधी टाकायचं, काचेच्या नळीतलं पाणी कुठवर हवं, वाफेचा दाब चढला तर आधी कशाला हात घालायचा, हे सगळं गोकुळच्या अंगवळणी पडलेलं. गोकुळ खात्यात असला की मी निवांत डबा खातो, असं विश्वनाथकाका स्वतःच सांगत. तरी गडी परीक्षेत दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत.

टेबलापलीकडचे साहेब ‘काय करशील’ विचारत, तोवर सगळं सुरळीत चाले. ‘का करशील’ म्हटलं की तो अडायचा. दुसऱ्या खेपेला एकाने विचारलं, बॉयलरच्या नळ्यांवर खार धरला तर काय होतं? बोअरच्या पाण्यातला क्षार उकळून उकळून नळीवर थर धरतो, तो खार गोकुळने दरवर्षी हाताने खरवडला होता. तो म्हणाला, नळी फुटते. साहेब म्हणाले, खार तर दगडासारखा टणक, त्याने नळी उलट मजबूत व्हावी, मग ती का फुटते? गोकुळ पुन्हा तेच म्हणाला, फुटते. शहाद्याकडच्या गावात त्याने सातवीपर्यंत शिक्षण घेतलं होतं, पण तिथे गुरुजी धडा मोठ्याने वाचत आणि पोरं घोकत. ‘का’ विचारायची कुणाला सवयच नव्हती.

यंदा त्याची मुलगी सोनम सातवीत गेली. सिल्वासाच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायला शोभाबाई होत्या, मूळच्या संगमेश्वरच्या. दिवाळीनंतर त्यांनी उष्णतेचा धडा घेतला. त्या दिवशी गोकुळ पहिल्या पाळीवरून घरी आला, तर सोनमने ओट्यावर मेणबत्ती पेटवलेली, हातात फडक्याने धरलेली लोखंडी सळई, आणि सळईवर मेणाने ओळीने चिकटवलेल्या चार टाचण्या. सळईचं टोक ज्योतीवर धरलं, तशी आधी जवळची टाचणी पडली, मग दुसरी, मग तिसरी. उष्णता लोखंडातून अशी सरकत पुढे जाते, त्याला वहन म्हणतात, असं तिने समजावलं. लोखंड उष्णतेला वाट देतं म्हणून ते सुवाहक, लाकूड देत नाही म्हणून ते दुर्वाहक.

गोकुळ हातपाय न धुताच खाली बसला.

“अन् खार?” त्याने विचारलं.

सोनमला खार माहीत नव्हता. त्याने तिला सगळं सांगितलं, साहेबांचा प्रश्नसुद्धा. आजवर ते त्याने फक्त बायकोला, जयाला सांगितलं होतं. सोनमने तो प्रश्न विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारला. शोभाबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी निरोप पाठवला की सोनमच्या बाबांनी खार धरलेला नळीचा तुकडा घेऊन शाळेत यावं, आपण बघू काय होतं ते.

गोकुळ बिचकला. आपण वर्गात जाऊन काय बोलणार, असं त्याला झालं. पण विश्वनाथकाकांनी भंगारात पडलेली एक जुनी नळी काढली, कारखान्यातल्या साहेबांची परवानगी घेतली आणि वेल्डरकडून तिच्या दोन सारख्या पट्ट्या कापून घेतल्या. एकीवरचा खार गोकुळने तारेच्या ब्रशने घासून पार काढला. दुसरीवर तो तसाच ठेवला, भाकरीच्या पापुद्र्याएवढा जाड.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो वर्गात उभा राहिला. चाळीस मुलं त्याच्याकडे बघत होती. शोभाबाईंनी दोन्ही पट्ट्या विटांवर आडव्या ठेवल्या, खाली सारख्या दोन मेणबत्त्या लावल्या आणि वरच्या बाजूला मेणाचा एकेक ठिपका दिला. घासलेल्या पट्टीवरचा ठिपका बघता बघता वितळून पसरला. खारावरचा मात्र तसाच. मुलं आकडे मोजू लागली. बऱ्याच वेळाने तो कडेने ओला झाला.

“खार दुर्वाहक आहे,” सोनम म्हणाली.

मग पहिल्या बाकावरच्या हर्षलने हात वर केला. त्याने बाईंना नाही, गोकुळला विचारलं, “काका, मग खाली जाळ तर चालूच आहे. ती उष्णता जाते कुठे?”

 गोकुळने पट्टीकडे पाहिलं. लालभडक होऊन फुगलेल्या, मग फाटलेल्या नळ्या त्याने आयुष्यात दोनदा पाहिल्या होत्या. त्या डोळ्यांसमोर आल्या, आणि बोलता बोलताच त्याला उलगडत गेलं.

“लोखंडातच राहते ना ती,” तो म्हणाला. “एरवी पाणी ती ओढून घेतं, म्हणून नळी वाचते. मधे खार आला की पाण्यापर्यंत पोचत नाही. नळी एकटीच तापत बसते, लाल होते, मऊ पडते. अन् वाफेचा दाब तर तिच्यावर आहेच. मग ती फुगते, फाटते.”

 शोभाबाईंनी फळ्याकडे वळून ‘खार’ हा शब्द लिहिला आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं खाली उतरवलं. चाळीस मुलांनी ते वह्यांत लिहून घेतलं. आपण बोललेलं कुणी लिहून घेतंय, हे गोकुळ जन्मात पहिल्यांदाच बघत होता. सोनमची मान ताठ झाली होती. शेजारच्या धनश्रीला ती हळूच सांगत होती, माझे पप्पा बॉयलर चालवतात.

त्यानंतर बाप-लेक रोज संध्याकाळी बसू लागले. ती धडा वाचायची, तो कारखान्यातलं उदाहरण द्यायचा. वाफेच्या नळाला जाड गुंडाळी का, भट्टीच्या तोंडासमोर उभं राहिलं की न शिवताही चटका का. एकेक ‘का’ सुटत गेला.

जानेवारीत तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसला. साहेब नवे होते, खाराचा प्रश्न आलाच नाही. त्यांनी विचारलं, काचेच्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं तर भट्टी आधी विझवायची, लगेच गार पाणी सोडायचं नाही, का?  गोकुळने तापलेल्या लोखंडापासून सुरुवात केली, गार पाण्याने ते एकदम आकसून तडकतं आणि एकाएकी केवढी वाफ उसळते ते सांगितलं, आणि मधे कुणी थांबवलं नाही म्हणून बोलतच राहिला. शेवटी एक साहेब म्हणाले, “कुठे शिकलात?”

“सातवीत,” गोकुळ म्हणाला. “यंदाच.”

साहेबांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तो पास झाला. सर्टिफिकेट आलं तेव्हा विश्वनाथकाकांनी सगळ्या खात्याला पेढे वाटले आणि पुढच्या सोमवारपासून दुसरी पाळी त्याच्या नावावर लागली. जयाने ते सर्टिफिकेट दोनदा हात पुसून मग हातात घेतलं.

त्याच आठवड्यात सोनमचा विज्ञानाचा पेपर मिळाला, वीसपैकी अठरा. ती नाचतच घरी आली. गोकुळने पेपर शेवटपर्यंत वाचला. शाबासकी देऊन झाल्यावर विचारलं, की ते दोन कुठे गेले.

मतलई वाऱ्यांचा प्रश्न चुकला होता, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात त्या वाऱ्यांचा. ते का वाहतात, हे तिला नीट मांडता आलं नव्हतं. गोकुळलाही ते ठाऊक नव्हतं. त्याने चहाचा कप बाजूला सारला, पुस्तक पुढे ओढलं आणि तिला म्हणाला, “वाच परत. सावकाश.”