डब्यातली खवणी

मानोजीराव अण्णांना कोणतीही नवी वस्तू तीन भाषांत दाखवायची सवय होती. "नोडी, बघा, देखो!" असं ते एका दमात म्हणायचे, म्हणजे समोरचा कन्नड, मराठी की हिंदी हा प्रश्नच मिटायचा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा दोन खोल्यांचा कारखाना होता. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्याहून येऊन वर्ष झालं तरी मला त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच कळायचं.

मी एका छोट्या कचेरीत होते. वस्तूंच्या डिझाइनची नोंदणी करून देणं हे आमचं काम. अण्णा आमच्याकडे आले ते हात पोळल्यावरच. त्यांनी इडलीपात्राचं एक देखणं स्टँड बनवलं आणि चहाच्या टपरीवर झाडून सगळ्यांना दाखवलं. महिन्याभरात पुढच्या गल्लीतल्या एकाने हुबेहूब तसंच स्टँड विकायला काढलं.

"पण त्याला मापं कुठून मिळाली?" मी विचारलं.

"मीच दिली की, बाई. विचारलं त्यानं!"

कुणी विचारलं आणि अण्णांनी सांगितलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

या वेळी त्यांनी खवणी बनवली होती, टेबलाला अडकवायची, मान वळवून बसलेल्या बदकासारखी. त्यांच्या पत्नी सीताक्कांचे गुडघे दुखायचे, तरी त्या जमिनीवर बसूनच नारळ खवायच्या. खवणी त्यांच्यासाठी होती. नोंदणी वस्तूच्या रूपाची होते, कामाची नाही, हे मी समजावलं तेव्हा अण्णा चांगलेच दुखावले.

"म्हंजे नारळ खवतंय ते फुकट?" मग त्यांनी बदक हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं. "सरी, असू दे. रूप पण स्वल्प बरं आहे म्हणा."

खरी पंचाईत पुढेच होती. अर्ज दाखल होण्याआधी वस्तू लोकांसमोर आली, तर कायद्याच्या नजरेत ती नवी राहत नाही आणि नोंदणी हातची जाते. "कुणालाही दाखवू नका," मी बजावलं. अण्णांनी देवासमोर घ्यावी तशी शपथ घेतली. पण बदकाच्या मानेचा बाक त्यांच्या मनासारखा जमेना, त्यामुळे अर्जासाठीचे फोटो होईनात, अर्जही होईना. दोन महिने गेले आणि आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली.

त्या दिवशी सगळं पीण्या एकमेकांच्या कारखान्यांत चुरमुरे खात फिरतं. नवी वस्तू पूजेला मांडायची नाही हे अण्णांना पाप वाटणार, आणि मांडली तर सगळं मुसळ केरात. मी तडक कारखाना गाठला. लेथ आणि ड्रिलच्या मधोमध स्टीलचा एक मोठा डबा होता. झाकणावर कुंकू, भोवती झेंडूचा हार.

"डब्यात काय हो, अण्णा?" कुणीतरी विचारलंच.

अण्णा लालबुंद झाले. "प्रसाद," ते कसेबसे म्हणाले. लगेच चार हात पुढे आले. अण्णांनी डब्याला मिठीच मारली. तेवढ्यात दारातून सीताक्कांचा खणखणीत आवाज आला, "कोहळा फोडायचा राहिलाय, सगळे बाहेर या बघू!" मंडळी बाहेर पळाली.

चार दिवसांनी बाक जमला आणि अर्ज दाखल झाला. यथावकाश प्रमाणपत्र आलं, तेव्हा अण्णांनी ते पुढच्या गल्लीतल्या त्या गृहस्थालाही तीन भाषांत दाखवलं. मला मात्र आठवते ती अर्ज दाखल झाला ती संध्याकाळ. अण्णांनी मला घरी बोलावलं होतं. सीताक्कांसमोर डबा ठेवून त्यांनी झाकण उघडलं. "नोडी, बघा, देखो!"

मी चाट पडले. "अण्णा, अक्कांनाही दाखवली नव्हती? घरच्या माणसाला चाललं असतं हो!"

"कुणालाही नको, तुम्हीच म्हणाला की."

माझ्या एका शब्दापायी ही बाई दोन महिने दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसत होती. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं सांगितलंही.

सीताक्का हसल्या. "मला ठाऊक होतं, बाई. रोज यांच्या शर्टाला ओल्या खोबऱ्याचा वास यायचा."

"मग विचारलं का नाहीत?"

त्यांनी बदकाच्या मानेवरून हळूच हात फिरवला.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं की यांनी."