कॅसेटवरचं शेवटचं गाणं

माझ्या पन्नाशीच्या पार्टीसाठी मुलीने माझी आवडती दहा रॉक गाणी मागितली. नऊ मी पटापट लिहिली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी इथे विलायतेत वॉटफर्डच्या ऑफिसातल्या लोकांवर छाप पाडायला. दहावं मात्र मनापासूनचं. मी नागपूरला हॉस्टेलवर असताना दादाने पुण्याहून एक कॅसेट भरून पाठवली होती, तिच्यातलं हे शेवटचं गाणं. गिटार चढत चढत जाते आणि एकदम तुटते. असा बेधडक शेवट दुसऱ्या कुणाला जमलाच नाही, असं मी तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो.

वेम्बलीला किराणा आणायला जाताना मुलीने ते गाडीत लावलं. तुटायच्या जागी गिटार तुटलीच नाही. गाणं पुढे चांगलं चार मिनिटं चाललं.

"बाबा, तू गायचा का थांबलास?" मुलीने विचारलं.

पार्किंगमधूनच मी दादाला फोन लावला आणि त्याच्यावर उखडलो, "तीस वर्षं मला अर्धं गाणं ऐकवलंस!"

"माहितीये," दादा म्हणाला. "टेप संपत आली होती. पण ते तुला ऐकवायचं तर होतंच ना."